मिरजेचा तंबोरा घ्यायचा असेल तर: वाद्य कसं आहे, आणि ते घडवणारी गल्ली कशी आहे

आधी निकाल सांगते, मग कारणं. घ्या. पैसे थोडे जास्त पडले तरी, वाट पाहावी लागली तरी, तंबोरा मिरजेतूनच बनवून घ्या आणि स्वतः जाऊन घ्या.

मी इचलकरंजीत राहते. दिवसा यंत्रमागवाल्यांचे हिशेब लिहिते आणि संध्याकाळी घरी मुलींना गाणं शिकवते. क्लासला एक बायकी तंबोरा हवा होता, काळी चारला, म्हणजे बायकांच्या आवाजाच्या पट्टीला, मोकळा बोलणारा. तो सतारमेकर गल्लीतल्या एका कारखान्यात बनवून घेतला. कारखाना म्हणजे पुढे दहा बाय बाराची खोली, मागे अंगण, वर माळ्यावर वाळत टांगलेले भोपळे. गेलं वर्षभर वाद्य रोज वापरात आहे. उन्हाळा, पावसाळा, थंडी, सगळं त्याने पाहिलं. म्हणून आता लिहिते. कारखान्याचं नाव देत नाही. एक म्हणजे या गल्लीतल्या बऱ्याच घरांबद्दल हेच म्हणता येईल. दुसरं म्हणजे मला ज्याबद्दल बोलायचं आहे ते एका घराचं काम नाहीच.

आवाजापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यासाठी. तंबोऱ्याची परीक्षा खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या तारेवर होते. पंचम आणि जोड (षड्जाच्या मधल्या दोन तारा) नीट मिळवले, खर्ज सोडला, आणि तार शांत होत असताना तिच्या पोटातून गंधार वर येतो की नाही हे ऐकायचं. कुणी गंधाराला हात लावलेला नसतो, तशी तारही नसते, तरी तो येतो. ज्या वाद्यात तो स्वच्छ येतो तिथे गाणाऱ्याला आधार मिळतो. नाही आला तर तारा नुसत्या वाजत राहतात. माझ्या तंबोऱ्यात गंधार पहिल्या दिवसापासून येतो. मी पाहायला गेले तेव्हा कारखान्यातले चाचा म्हणाले, "ताई, आधी गंधार बोलतोय का बघा, मग पैशाचं बोलू." त्यांनी तीन वेगवेगळ्या वाद्यांवर तो ऐकवला आणि फरकही सांगितला: एकात भोपळा जाड म्हणून आवाज आत राहतो, दुसऱ्यात तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, जरा पातळ म्हणून आवाज लवकर सुटतो पण टिकत नाही. इतकं उघडपणे आपल्याच मालाचे दोष दाखवणारा विक्रेता मला दुसरीकडे भेटला नाही.

वर्षभरानंतर आवाज अजून भरला आहे. नवं लाकूड वाजवून वाजवून मोकळं होतं, हे आमचे गुरुजी सांगायचे, आणि ते इथे दिसतंय. जव्हारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या माथ्याची घडण, मात्र एकदा पुन्हा काढून आणावी लागली. रोज चार-पाच मुली छेडणार म्हटल्यावर तारा घोडीवर घासून खाचा पडतात आणि आवाज बसतो. यात वाद्याचा दोष नाही. घोडीचा वरचा माथा किंचित उताराचा असतो, तार त्याला अगदी हलकी टेकत टेकत कंप पावते, आणि मधला सुताचा दोरा योग्य जागी सरकवला की ती खुलते. हा उतार कानसून काढणं हेच या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. मिरजेत त्यासाठी वेगळे हात आहेत.

इथेच मुद्दा सुरू होतो. माझा तंबोरा एका माणसाने बनवलेला नाही.

भोपळा आला मंगळवेढ्याकडून. भीमेच्या खोऱ्यातले शेतकरी हा कडू, जाड सालीचा भोपळा खास वाद्यांसाठी पिकवतात. खायला तो चालत नाही. वेलावर पूर्ण पिकू द्यायचा, मग वाळवायचा. मिरजेत आल्यावर तोंड कापून आतला गर आणि बिया काढतात, पाण्यात भिजवून मऊ करतात आणि आत काटक्यांचे टेकू देऊन त्याला हवा तसा गोलावा आणतात. सावलीत पुन्हा वाळवतात. दांडीचं आणि तबलीचं लाकूड तुणीचं, लालसर, वजनाला हलकं, सरळ रेषांचं, ते कर्नाटकातल्या जंगलांतून येतं. दांडी आतून पोकळ कोरायची, वर पट्टी बसवायची, गळा भोपळ्याला जोडायचा. मग तबली. मग पानं-फुलं, पांढऱ्या पट्ट्या. पूर्वी या पट्ट्यांना आणि घोडीला हस्तिदंत आणि सांबरशिंग लागायचं. कायद्याने ते बंद झालं आणि आता सेल्युलॉइड, हाड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. शेवटी चपडा (लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून त्याचे हात चढवायचे, एकावर एक, कापडाने घासत.

माझ्या वाद्याचं सुतारकाम एका घरात झालं, नक्षी दुसऱ्या घरात, पॉलिश दोन दारं सोडून पलीकडे, आणि जव्हारी मागच्या बोळातल्या एका म्हाताऱ्या उस्तादांनी काढली. खुंट्या कमी पडल्या तर शेजारच्याकडून आणल्या, आणि शेजारच्याला तबलीचं लाकूड कमी पडलं तर इथून गेलं. मी बसले होते तेवढ्या वेळात एक गिऱ्हाईक दुरुस्तीला दिलरुबा घेऊन आलं, तर चाचांनी त्याला हाताला धरून समोरच्या घरी नेलं. "दिलरुब्याचा हात त्यांचा," एवढंच म्हणाले. दोघांचा धंदा एकच, गिऱ्हाइकंही तीच, आणि तरीही हे चालतं.

मला हे इचलकरंजीमुळे पटकन ओळखू येतं. आमच्याकडे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, संस्थानाधिपती नारायणराव घोरपड्यांचा त्यांना पाठिंबा होता. पण गाव कापडाचं झालं ते एका मागामुळे नाही. मागाभोवती सुताला खळ देणारे सायझिंगवाले आले, ताण्याचं सूत गुंडाळून देणारे वहिफणीवाले आले, सुटे भाग विकणारे, दुरुस्ती करणारे, सूत आणणारे, कापड नेणारे ट्रकवाले आले. आठ माग असलेल्या माणसाला सायझिंगचं यंत्र घेणं कधीच परवडलं नसतं. तो सूत पाठवतो, बीम (ताण्याचा रूळ) भरून घेतो, बीमामागे पैसे देतो. खर्चीने, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने, कापड विणणारा माणूस भांडवलाशिवाय उभा राहू शकतो तो याच्यामुळे. मिरजेच्या गल्लीत तेच आहे, फक्त बीमाच्या जागी भोपळा आहे.

आणि हे तिथे आपोआप आलेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेत शिकलगार होते, म्हणजे तलवारी, भाले, ढाली घडवणारे आणि त्यांना धार-पाणी देणारे. संस्थानांच्या लढाया संपल्या आणि हत्यारांचं काम बसलं. फरीदसाहेब नावाच्या कारागिराने दरबारात येणाऱ्या गवयांची मोडलेली वाद्यं दुरुस्त करता करता स्वतः सतारी बनवायला सुरुवात केली, असं मिरजेत सांगतात, आणि पटवर्धन संस्थानिकांनी त्यांना हात दिला. त्यांच्या वंशातल्या, नात्यातल्या माणसांनी पुढे हाच धंदा धरला. आज काही घरांत सातवी पिढी काम करते.

गिऱ्हाईकही जवळच होतं, हे विसरून चालणार नाही. गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेला राहिले, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथे शिकले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी आयुष्याचा उत्तरार्ध मिरजेत काढला. १९३७ मध्ये ते गेले आणि त्यांची कबर इथेच ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात आहे. तिथल्या उरुसात चिंचेच्या झाडाखाली बसून गायला मोठमोठे कलाकार येतात. गायिका हिराबाई बडोदेकरांचा जन्म मिरजेचा. तंबोरा सुरात लावण्याबद्दल खाँसाहेब किती काटेकोर होते ते किराण्याची गायकी ऐकणाऱ्याला सांगायला नको. असा गिऱ्हाईक दारात असला की कारागिराचा कान तयार होतो. गंधार आला नाही म्हणून वाद्य परत पाठवणारी माणसं हाकेच्या अंतरावर होती. प्रदेशाची वाढ वगैरे शब्द आपण वापरतो तेव्हा मला वाटतं याचा विचार व्हायला हवा: बनवणारा, कच्चा माल देणारा, दुरुस्त करणारा आणि पारख असलेला गिऱ्हाईक एकमेकांच्या जवळ असणं.

आता भौगोलिक मानांकनाबद्दल, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच त्या भागाचं नाव लावता यावं म्हणून होणाऱ्या सरकारी नोंदीबद्दल, कारण विकत घेणाऱ्याने हे समजून घ्यावं. ३० मार्च २०२४ रोजी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सतारीचं मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टरला, तंबोऱ्याचं सोलट्यून म्युझिकल इन्स्ट्रुमेंट प्रोड्यूसर फर्मला. अर्ज २०२१ मध्ये केला होता. या धंद्यात ४५० च्या वर कारागीर आहेत, असं त्या वेळी सांगण्यात आलं. मानांकनाचा कायदा १९९९ चा, २००३ पासून लागू. मानांकन कारखानदाराला स्वतःसाठी मिळत नाही, त्या भागातल्या उत्पादकांच्या संस्थेला मिळतं. नंतर एकेका कारागिराने त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायची असते. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. म्हणजे कायद्यानेच यांना सांगितलं की एकत्र या, आपल्या मालाचं वर्णन एकत्र लिहा, कोणतं लाकूड, कोणता भोपळा, कोणती रीत ते ठरवा. एरवी 'आमच्या घरची रीत' म्हणून झाकून ठेवलेली गोष्ट कागदावर आली. माझ्या दृष्टीने शिक्क्यापेक्षा हे जास्त मोलाचं काम झालं.

शिक्का का लागतो, तेही सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरच्यांनी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून 'मिरज तंबोरा' म्हणून वाद्य आणलं. दिसायला सुरेख, नक्षी भरगच्च. पहिल्या पावसाळ्यात दांडीला बाक आला. ते मिरजेला नेलं तेव्हा तिथल्या माणसाने दांडी डोळ्यासमोर धरून पाहिली आणि शांतपणे सांगितलं की हे लाकूड ओलं असतानाच वापरलंय, हे आमच्याकडचं नाही. तरी त्याने ते दुरुस्त करून दिलं, जमेल तेवढं. दुकानदाराने हात वर केले होते. नाव मिरजेचं, कमाई दुसऱ्याची, आणि बदनामी पुन्हा मिरजेची.

म्हणूनच माझी पहिली तक्रार इथे नोंदवते. माझ्या तंबोऱ्यावर मानांकनाची खूण नव्हती. विचारलं तेव्हा नोंदणीचं काम चाललंय असं उत्तर मिळालं. मला त्या कारागिराच्या हेतूबद्दल अजिबात शंका नाही. दिवसभर रंधा मारणाऱ्या माणसाला अर्ज भरायला वेळ कुठून येणार. पण गिऱ्हाइकाने खूण मागितली नाही तर ती कधीच येणार नाही. तेव्हा जाल तेव्हा मागा. आणि सतारीवाल्यांची संस्था वेगळी, तंबोऱ्यावाल्यांची वेगळी, हे कागदावर ठीक आहे, पण एकाच गल्लीत एकच माणूस दोन्ही बनवतो. त्यांनी खुणेचं, क्रमांकाचं आणि नोंदणीचं काम एकाच टेबलावर आणलं तर कारागिराचे श्रम वाचतील. प्रत्येक वाद्याला क्रमांक, त्या क्रमांकावर कारागिराचं नाव, भोपळा कोणत्या हंगामाचा, लाकूड किती वर्षं मुरलेलं. दांडीच्या आतल्या बाजूला एक छोटी पट्टी चिकटवली तरी पुरे.

दुसरी तक्रार तारखेची. सांगितलेल्या मुदतीपेक्षा वाद्य बरंच उशिरा मिळालं. कारण खरं होतं. पावसाळी हवेत चपड्याचं पॉलिश पांढुरकं पडतं, वाळत नाही, आणि घाई केली तर पुढे पापुद्रे सुटतात. थांबले ते योग्यच केलं. पण फोन मीच करत होते. एका घरात तीन माणसं कामाला, तीनही हाताने काम करणारी, फोन उचलणारं कुणी नाही. यातून मार्ग काढायला प्रत्येक घरात माणूस ठेवायची गरज नाही. पूर्ण गल्लीसाठी एक ताई किंवा दादा पगारावर बसवा, जो गिऱ्हाइकांना कळवेल, बिलं करेल, पार्सलं पाठवेल. पंधरा-वीस घरांनी मिळून एक पगार काढणं अवघड नाही.

पार्सलं म्हटलं की तिसरी तक्रार. तंबोरा माझ्या गाडीतून आला म्हणून निभावलं. पुण्याच्या पुढे राहणाऱ्याने काय करायचं? लांब दांडी आणि खाली आपटला की फुटणारा भोपळा. प्रत्येक घर आपापल्या परीने लाकडी खोका ठोकून देतं, पैसे वेगळे, जबाबदारी कुणाची ते ठरलेलं नाही. परदेशात मराठी घरांतून मुलं गाणं शिकतात, तिथून मागणी असते, आणि वाटेत फुटण्याच्या भीतीने माणसं पाऊल मागे घेतात. दोन-तीन मापांचे पक्के खोके, आतून सारख्या साच्याचे, एकत्र बनवून घेतले तर एका खोक्याची किंमत निम्म्यावर येईल आणि विमाही काढता येईल. हे काम एकट्यादुकट्याला परवडणारं नाही आणि एकत्र येऊन केलं तर मुळीच अवघड नाही.

याला पैसा कुठून, असा प्रश्न माझ्या धंद्यातला म्हणून मला आधी सुचतो. केंद्राचा सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी समूह विकास कार्यक्रम आहे, पारंपरिक उद्योगांसाठी २००५ पासून 'स्फूर्ती' आहे, राज्याचीही समूह विकासाची योजना आहे. ढोबळ रीत सारखीच: उद्योजकांनी मिळून एक संस्था किंवा कंपनी काढायची, आपला वाटा भरायचा, उरलेला मोठा हिस्सा सरकार देतं आणि त्यातून सामायिक सुविधा केंद्र उभं राहतं. लाकूड कापायचं, मुरवायचं, मोजायचं यंत्र सगळ्यांनी मिळून वापरायचं. अशा प्रकल्पांचे ताळेबंद मी पाहिलेत, आमच्या भागातले, वस्त्रोद्योगातले. इमारत उभी राहते, यंत्र येतं, फीत कापली जाते. अडतं ते नंतर. वीजबिल कोण भरणार, यंत्र चालवणाऱ्याचा पगार कोण देणार, बिघडलं तर दुरुस्ती कुणी करायची. अनुदान एकदाच येतं, वीजबिल दर महिन्याला. जी केंद्रं टिकली त्यांनी पहिल्या दिवसापासून कामामागे दर लावला, सभासद असो की नसो, आणि वर्षाखेरीस हिशेब सगळ्यांसमोर वाचला. सायझिंगवाल्याचंच तत्त्व. आणि जिथे दोन-तीन मोठ्या घरांनी यंत्र आपल्यासाठी अडवून धरलं तिथे लहान कारागीर पुन्हा आपल्या अंगणात रंधा मारायला गेले. हे लक्षात ठेवून कुणी मिरजेला मदत केली तर चांगलं होईल.

पण यंत्राच्याही आधी मला भोपळ्याची काळजी आहे. हे सगळं वाद्य एका वेलावर टेकलेलं आहे. पाऊस जास्त झाला तर भोपळा कुजतो, कमी झाला तर लहान राहतो, आणि मोठ्या घेराचा, सारख्या जाडीचा, डाग नसलेला भोपळा ढिगातून एखादाच निघतो. तंबोऱ्याला तोच लागतो. शेतकऱ्याने ती जमीन ऊसाला दिली तर त्याला दोष देता येणार नाही, कारण ऊस नेणारा कारखाना ठरलेला असतो आणि भोपळ्याचं गिऱ्हाईक दरवर्षी वेगळा भाव सांगतं. मिरजेतली घरं आजवर आपापले शेतकरी सांभाळून आहेत, वडिलांपासूनचे संबंध आहेत, आणि त्या संबंधांवर इतकी वर्षं चाललं. पुढे चालेलच असं नाही. गल्लीने मिळून मंगळवेढ्याच्या शेतकऱ्यांशी हंगामाआधी भाव ठरवावा, घेराप्रमाणे प्रत लावावी, थोडी आगाऊ रक्कम द्यावी, चांगल्या भोपळ्याचं बी राखून ठेवावं. द्राक्षवाल्यांनी आणि दूधवाल्यांनी हे याच पट्ट्यात करून दाखवलंय. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्यालाही मानांकन आहे; त्या व्यापाऱ्यांकडे प्रतवारीचा आणि साठवणुकीचा अनुभव आहे, तोही मागायला हरकत नाही. मला जर विचारलं की एकच सामायिक काम करायचं तर कोणतं, तर मी इमारत मागणार नाही, भोपळ्याचा करार मागेन.

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याबद्दल सगळे विचारतात म्हणून थोडं. बंगळूरूच्या राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास तो तयार केला आणि आता तर फोनवर फुकट मिळतो. मी तो वापरते. लहान मुलींना घरी रियाजाला तो बरा, प्रवासात बरा, पट्टी पटकन बदलते. पण ज्या मुली तंबोरा स्वतः लावायला शिकल्या त्यांचा कान दोन वर्षांत कुठल्या कुठे जातो. जोड मिळतोय की किंचित उतरलाय हे ऐकण्यात जे शिक्षण आहे ते बटण दाबण्यात मिळत नाही. क्लास चालवणाऱ्या प्रत्येकाने निदान एक खरा तंबोरा ठेवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. मिरजेत महिन्याला शंभरेक तंबोरे आणि साठ-सत्तर सतारी बनतात, असा अंदाज मानांकनाच्या वेळी सांगितला गेला. महाराष्ट्रात गाण्याचे क्लास किती, विचार करा. मागणी नाही असं नाही, ती दुसरीकडे वळली आहे.

काम शिकणाऱ्या पोरांचं मात्र मला खरंच वाईट वाटतं. जव्हारी काढणारे ते उस्ताद सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या बाजूला एकही तरुण बसलेला मी पाहिला नाही. मिरज दवाखान्यांचं गाव आहे, १८९४ मध्ये डॉक्टर वॉनलेसांनी तिथे रुग्णालय सुरू केलं, आणि दवाखान्यांमागे शेकडो नोकऱ्या. पोरं तिकडे जातात, आणि महिन्याचा पगार ठरलेला असला तर का जाणार नाहीत. शिकाऊ पोराला पहिली दोन-तीन वर्षं कुणीतरी विद्यावेतन दिलं पाहिजे, कारण त्या काळात त्याच्या हातून विकण्याजोगं काही होत नाही. एका घराला हा खर्च झेपत नाही, शिवाय शिकवून तयार केलेला पोरगा शेजारी गेला तर काय, ही भीती असते. सगळ्या घरांनी मिळून दिला तर पोरगा कुठेही गेला तरी गल्लीतच राहतो.

किमतीचं. माझा तंबोरा तीसेक हजारांत पडला, खोळीसकट. साधी नक्षी, जास्त सजावट नाही. याहून स्वस्तही मिळतात आणि खूप महागही. फरक बहुतेक वेळा नक्षीचा आणि भोपळ्याच्या घेराचा. नक्षीसाठी पैसे घालू नका, भोपळ्यासाठी घाला. हाताने बनवलेल्या देशी वाद्यांवर जीएसटी शून्य आहे, तेव्हा पक्कं बिल मागायला संकोच करू नका. बिलाने तुमच्या खिशातून जास्तीचं काही जात नाही आणि पुढे कर्ज काढायचं झालं तर त्या कारागिराला बँकेत दाखवायला कागद होतो.

जायचं असेल तर दिवाळीनंतर जा, हवा कोरडी असते आणि पॉलिश नीट बसतं. मिरज जंक्शनवर उतरून गल्ली रिक्षाने जवळ आहे. दांडी डोळ्यासमोर आडवी धरून सरळ आहे का पाहा. भोपळ्यावर बोटांनी हलकं टकटक करा, सगळीकडे आवाज सारखा यायला हवा. खुंट्या फिरवून पाहा. सैल असतील तर तिथेच खडू लावून बसवून घ्या आणि पावसाळ्यात घट्ट बसतील तेव्हा जोर करू नका. तुमची पट्टी आधी सांगा, पुरुषी आणि बायकी तंबोऱ्याचं माप वेगळं असतं, तारांची जाडी त्यावर ठरते. खर्ज ऐका, गंधार येईपर्यंत थांबा. एकाच घरात ठरवू नका, चार घरं फिरा, त्यांना राग येत नाही. उलट दुसऱ्याकडचं चांगलं वाद्य तेच दाखवतात. जव्हारीसाठी वर्षातून एकदा वाद्य मिरजेला न्यायची तयारी ठेवा, नाहीतर तुमच्या गावातले आठ-दहा तंबोरे एकत्र करून उस्तादांनाच एक दिवस बोलवा आणि येण्याजाण्याचा खर्च वाटून घ्या. आम्ही इचलकरंजीतल्या क्लासवाल्यांनी यंदा तसं ठरवलं आहे.